गाडी कुंई कुंई करू लागली तर



देवरूखहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे, ते सगळे इथे छापता येणार नाही. पण त्यातला प्रश्न पुष्कळजणींच्या दारात उभा असतो, म्हणून आजचा सगळा मजकूर त्यावरच लिहिते आहे.

या भगिनीचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. त्या शाळेत शिकवतात. बिनगिअरच्या स्कूटरला मागे दोन्ही अंगांना जादा चाके बसवून घेतली आहेत आणि रोज त्याच गाडीवरून साखरप्याच्या बाजूला नोकरीला जातात. गावात त्या गाडीला सगळे 'तीनचाकी'च म्हणतात. चाके मोजली तर चार भरतात, पण नाव पडले ते पडले! त्या लिहितात :

"पाऊस सरल्यापासून गाडी सकाळी निघताना 'कुंईऽऽ' असा बारीक आवाज करते. पुढे वेग वाढला की आवाजही चढत जातो. गॅरेजवाले म्हणाले, 'ताई, ही जादा चाकं आहेत ना, त्यांचाच आवाज. असाच येणार.' घरात म्हणतात, 'चालतेय ना गाडी? मग कशाला कान लावून बसतेस?' मला भीती वाटते ती चढावर बंद पडण्याची. दुसरी कुणी गाडी कडेला लावून चालत येईल, मला ते जमायचं नाही. आता तर गाडी विकूनच टाकावी असं बोलणं निघतंय. काय करू?"

ताई, पहिली गोष्ट अशी की तुमच्या कानावर विश्वास ठेवा. कुकरची शिटी नेहमीसारखी वाजली नाही, तर स्वयंपाकघरात कोण आधी मान वर करते? आपणच ना? रोज जी हाताळते तिलाच यंत्राचा सूर बदललेला कळतो. महिन्यातून एकदा मागे बसणाऱ्याला तो कळणार नाही. तेव्हा 'आवाज कुठे आहे?' असे कुणी म्हटले, तर मनाला लावून घेऊ नका. आवाज आहे. तो कुठून येतो, एवढेच आपल्याला शोधायचे आहे.

आत काय असते?

शिवणयंत्राचा चामड्याचा पट्टा तुम्ही पाहिलेला आहे. खालचे मोठे चाक पायाने फिरते, पट्टा ती गती वरच्या चाकाला देतो. पट्टा सैल झाला की घसरतो, मग आपण तो थोडा कापून पुन्हा हुक अडकवतो. बिनगिअरच्या स्कूटरमध्येही असाच एक पट्टा असतो, पण रबराचा, आतून मजबूत धाग्यांनी विणलेला आणि खालच्या अंगाला खाचा असलेला. गाडीच्या डाव्या बाजूला जो लांबट डबा दिसतो, त्याच्या आत तो असतो. पुढची पुली इंजिनाला जोडलेली, मागची क्लचला. पुढच्या पुलीच्या आत छोटे गोल रोलर असतात. इंजिनाची गती वाढली की ते बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीची एक तबकडी दुसरीजवळ ढकलतात आणि पट्टा पुलीवर वरवर चढत जातो. गिअर बदलण्याचे काम असे आपोआप होते, म्हणून आपल्याला गिअर टाकावा लागत नाही.

ही युक्ती काही कालची नाही. हॉलंडमधल्या 'डाफ' कंपनीने 1958 साली रबरी पट्ट्यावर चालणारी छोटी मोटारच बाजारात आणली होती. आपल्याकडे 1980 नंतरच्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि बायकांना बिनगिअरच्या स्कूटरची ओळख झाली. 2000 नंतर अ‍ॅक्टिव्हा आणि तिच्यासारख्या गाड्या गावोगाव पोचल्या. त्याआधीच्या बजाज चेतकला असा पट्टा नव्हता, तिथे गिअरच थेट चाकाला जोडलेले असत. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्कूटरचे पुष्कळ कळते हे खरे, पण ते ज्ञान बरेचदा चेतकचे असते. प्लग साफ करून पट्ट्याचा आवाज जात नाही, बरं का!

पत्रात आवाज दोन आहेत

ताईंनी एकच आवाज लिहिला आहे. पण नीट वाचले तर ते दोन असावेत असे वाटते. निघताना येणारा 'कुंई' हा एक आणि वेगाबरोबर चढत जाणारा दुसरा. हे दोन्ही एकाच जागेतून येतीलच असे नाही. म्हणून घरच्या घरी तीन परीक्षा कराव्यात. हत्यार लागत नाही, फक्त एक मदतनीस हवा. त्याआधी पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर काढून ठेवा, मुलांना लांब बसवा आणि इंजिन चालू असताना चाकाजवळ हात नेऊ नका.

पहिली परीक्षा – इंजिन बंद. सपाट जागेवर इंजिन बंद करून मदतनिसाला गाडी हळू ढकलायला सांगा आणि आपण मागच्या चाकाकडे कान द्या. इंजिन बंद असते तेव्हा क्लच सुटलेला असतो, म्हणजे चाक फिरते पण पट्टा फिरत नाही. अशा वेळी घरघर, कुंई किंवा घासल्याचा आवाज आला, तर दोष पट्ट्याचा नाही. तो चाकाच्या बेअरिंगचा, ब्रेकचा, मागच्या गिअरपेटीचा किंवा जादा चाकांचा आहे. ज्यांच्या गाडीला जादा चाके नाहीत त्यांनी गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून पाहिले तरी चालेल.

दुसरी परीक्षा – इंजिन चालू, गाडी जागेवर. मूठ अजिबात पिळू नका. आता पट्टा फिरतो आहे, पण चाकाला जोर मिळालेला नाही. या वेळी डाव्या डब्यातून खडखड येत असेल आणि मूठ किंचित पिळताच थांबत असेल, तर बहुधा रोलर झिजून चपटे झाले आहेत. 'चीं… चीं… चीं…' असा ठरावीक तालात आवाज येत असेल, तर पट्ट्याला चीर गेली असेल किंवा तो वाकडा बसला असेल. सतत घासल्यासारखा आवाज असेल तर तिथल्या बेअरिंगकडे किंवा किकच्या दात्यांकडे पाहायला सांगावे. मूठ पिळून पाहायची ती अगदी किंचित, आणि गाडी स्टँडवर असेल किंवा मदतनिसाने ब्रेक धरलेला असेल तरच.

तिसरी परीक्षा – चालवताना. मोकळ्या रस्त्यावर सावकाश जा आणि आवाज नेमका कधी येतो ते पाहा. निघताना, चढावर किंवा मागे कुणी बसल्यावर आला, म्हणजे इंजिनाला जोर पडल्यावर आला, तर पट्टा किंवा क्लच घसरतो आहे. मग मूठ सोडून गाडीला आपोआप थांबू द्या. अगदी कमी वेगात क्लच सुटतो. त्यानंतरही चाक थांबेपर्यंत आवाज येतच राहिला, तर पहिल्या परीक्षेतला निकाल पक्का झाला.

तिन्ही परीक्षा झाल्या की कागदावर लिहून ठेवा : केव्हा, कुठे, कसा. डॉक्टरांकडे जाताना ताप केव्हा चढतो ते आपण टिपून नेतो ना, तसेच.

पट्टा का ओरडतो?

कोकणातल्या गाडीचे दुखणे घाटावरच्या गाडीपेक्षा थोडे निराळे असते. जूनपासून चार महिने हवेत ओल. गाडी दोन-चार दिवस नुसती उभी राहिली तरी पुलीच्या लोखंडावर बारीक गंज धरतो, पट्ट्यावर दमटपणा बसतो. सकाळी निघताना किंचित कुंई होते आणि दोन-तीन मिनिटांत पट्टा गरम झाला की जाते. एवढेच असेल तर घाबरायचे कारण नाही. पण आवाज रोजचा झाला, किंवा गाडी तापल्यावरही येऊ लागला, तर डबा उघडून पाहिलाच पाहिजे.

पाऊस सरला की जांभ्याची लाल धूळ सुरू. डब्यात थंड हवा खेळती राहावी म्हणून एक वाट ठेवलेली असते, तिथूनच ही धूळ आत शिरते. पट्ट्याची आणि क्लचची भुकटी तिच्यात मिसळते. त्या थराने क्लच आणि पट्टा दोन्ही गुळगुळीत होतात, घसरतात आणि घसरले की कण्हतात. अशा वेळी नुसत्या साफसफाईनेही पुष्कळदा आवाज बंद होतो.

तिसरे कारण वयाचे. पट्टा झिजला की त्याची रुंदी कमी होते. मग तो पुढच्या पुलीवर पुरता चढत नाही, गाडी पूर्वीइतकी पळत नाही. निघताना थरथरते, पेट्रोल जास्त खाते. इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरत नाही, रबर जळल्याचा वास येतो, ही शेवटची सूचना समजावी. त्यानंतर पट्टा तुटायला वेळ लागत नाही. पट्टा किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ गाड्यांना तो आकडा वीस-पंचवीस हजारांच्या घरात असतो. जादा चाकांच्या गाडीने मात्र त्या आकड्याची वाट पाहू नये. जादा चाकांचे वजन, त्यांचे घासणे आणि वर चढाचा रस्ता, एवढे सगळे त्या एका पट्ट्याला ओढावे लागते. तो लवकर थकणारच.

तेल? मुळीच नको!

दाराची बिजागरी वाजली की आपला हात तेलाच्या बुधलीकडे जातो. इथे ती चूक करू नका. हा पट्टा कोरडाच चालतो. पुलीवर घट्ट बसून राहणे हेच त्याचे काम, आणि तेलाचा थेंब पडला की तो घसरू लागतो. आवाज तात्पुरता थांबेल, पट्टा मात्र वाया जाईल. पिठाच्या गिरणीत पट्टा घसरू नये म्हणून त्याला राळ लावलेली तुम्ही पाहिली असेल. तेही इथे चालत नाही. मेणबत्ती, साबण, टाल्कम पावडर यांतले काही नको. पट्ट्यावर आधीच तेल दिसत असेल, तर ते कुठल्या तरी सीलमधून गळते आहे. ती गळती बंद केल्याशिवाय नवा पट्टा घालणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे.

जादा चाके आणि मागची गिअरपेटी

गॅरेजवाले म्हणाले ते अगदीच खोटे नसेल. जादा चाकांनाही बेअरिंग असतात, ती जमिनीलगत असल्यामुळे चिखलपाणी तिथे आधी पोचते. पण 'असाच येणार' हे मात्र पटत नाही. एक बाजू जॅकने उचलून ते चाक हाताने फिरवावे. खरखर लागली किंवा चाक धरून हलवल्यावर डुगडुगले, तर बेअरिंग गेले आहे, ते बदलावे. दोन्ही चाकांत हवा सारखी आहे ना, चाके सरळ रेषेत आहेत ना, हेही पाहावे. चाक तिरके बसले की टायर घासतो, त्याचा आवाज येतो आणि गाडी एका अंगाला ओढते. (हे उचलण्याचे काम आपण एकट्याने करू नये. ते गॅरेजमध्येच बरे.)

मागच्या चाकापाशी एक छोटी गिअरपेटी असते, तिचे तेल इंजिनाच्या तेलाहून वेगळे. असून असून किती, चहाच्या कपाइतके! पण ते बदलायचे राहून जाते. वेगाबरोबर चढत जाणारी 'ऊंऽऽ' अशी कण्ह पुष्कळदा इथलीच असते. ताईंच्या दुसऱ्या आवाजासाठी मी आधी हे तेल आणि मग बेअरिंग पाहायला सांगेन. खर्च सगळ्यांत कमी, म्हणून सुरुवात तिथून.

गॅरेजमध्ये कसे बोलावे?

"भाऊ, आवाज येतो, जरा बघा," एवढेच सांगितले तर उत्तरही तेवढेच मिळते. त्याऐवजी आपला कागद काढावा आणि सांगावे, "इंजिन बंद करून ढकलली तर आवाज येत नाही. निघताना आणि चढावर येतो. डावा डबा उघडा, मी इथेच बसते." पुढच्या गोष्टी समोर उभे राहून पाहाव्यात :

1. पट्टा काढल्यावर तो उलटा वाकवून खाचांमध्ये चिरा आहेत का, कडेचे धागे सुटले आहेत का, अंगाला काचेसारखी चकाकी आली आहे का, ते पाहावे.

2. पट्ट्याची रुंदी मोजायला सांगावी आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडावी. 'डोळ्यांनी कळतंय' हे माप नव्हे.

3. रोलर बदलायचे तर सगळे एकदम. एक-दोन बदलले तर वजन सारखे राहत नाही.

4. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनेच बसवावा.

5. क्लचची वाटी आणि पुलीच्या तबकड्या कोरड्या, स्वच्छ करून मगच नवा पट्टा घालावा.

6. काढलेला जुना भाग परत मागावा. त्यात संकोच कसला? भाजीवाल्याकडून सुटे पैसे मागून घेतो, तसेच हे.

एका गॅरेजने डबा न उघडताच निकाल दिला, तर दुसऱ्याकडे जावे.

चढावर पट्टा तुटलाच तर

ताईंची भीती खोटी नाही. पट्टा तुटला की इंजिन जोरात ओरडते आणि गाडीला ओढ राहत नाही. चढावर असाल तर गाडी मागे येऊ लागते. अशा वेळी गांगरून मूठ पिळत बसू नका. दोन्ही ब्रेक धरा. ब्रेकचा आणि पट्ट्याचा संबंध नाही, ते लागतात. इंजिन बंद करा, चाकाखाली दगड लावायला कुणाला तरी हाक मारा, मगच उतरा. गाडी ओढून नेल्यावर डब्यातले पट्ट्याचे सगळे तुकडे निघाले आहेत याची खात्री करून घ्या. राहिलेला तुकडा नव्या पट्ट्यालाही खातो.

आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करण्याची खोड कुणाला असेल, तर ती आजच सोडा. इंजिन बंद झाले की त्याचा जो काही अडथळा वेगाला मिळतो तोही जातो, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबा घाटासारख्या उतारावर हे फार महागात पडेल.

पावसात रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालू नये, हे मार्लेश्वराच्या रस्त्याने जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. डब्यात पाणी शिरले तर पट्टा घसरतो, इंजिन नुसते ओरडते. जोर देऊ नये. थांबावे, पाणी निथळू द्यावे, मग सावकाश निघावे आणि जमेल तेव्हा डबा उघडून कोरडा करून घ्यावा.

विजेच्या स्कूटरबद्दल

'आमची गाडी बॅटरीची, आम्हाला हे लागू नाही,' असे म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. काही बॅटरीच्या स्कूटरना मोटर चाकातच असते, तिथे पट्ट्याचा प्रश्न नाही. पण काहींना मागच्या चाकाशी दातेरी पट्टा असतो. त्याच्या दात्यांत धूळ बसली की 'चिंव चिंव' होते. तो स्वच्छ करून घ्यावा, तेल तिथेही नाही. पंक्चरसाठी चाक काढून बसवल्यावर आवाज सुरू झाला असेल, तर चाक किंचित तिरके बसले आहे किंवा पट्टा जास्त ताणला आहे. 2007 साली कॅनडातल्या एका कंपनीने 'कॅन-अ‍ॅम स्पायडर' नावाची तीन चाकांची मोटारसायकल काढली, पुढे दोन चाके, मागे एक. तिच्याही मागच्या चाकाला असाच दातेरी पट्टा आहे. अशा कुठल्याही पट्ट्याला ताण जास्त झाला तर तो कण्हतो, कमी झाला तर दाते सोडतो. हा नियम कॅनडात आणि कोकणात सारखाच.

आता विकण्याबद्दल

ताई, दोष कळल्याशिवाय गाडी विकू नका. पट्टा, रोलर, क्लच, बेअरिंग, गिअरचे तेल, यांतले काहीही बिघडले असले तरी ते बदलता येते आणि कुठलाच भाग गाडीच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. घरच्यांना काळजी वाटते, ती बरोबर आहे. पण तिचा उपाय डबा उघडून पाहणे हा आहे. तुमची गाडी म्हणजे तुमची नोकरी, तुमचा बाजार, बँक, दवाखाना, माहेरची वाट. दुसऱ्या कुणाच्या घरात स्कूटर बंद पडली तर ती व्यक्ती एसटीने जाईल. तुमच्या बाबतीत बंद पडते ते सगळे येणेजाणेच. हे घरात शांतपणे, असेच सांगा. 'मला आवाज येतो'पेक्षा 'मी तीन परीक्षा केल्या, निकाल हा असा' हे बोलणे जास्त ऐकले जाते, हा पुष्कळजणींचा अनुभव आहे.

शिवाय एक. जादा चाके बसवल्याची नोंद गाडीच्या नोंदणी पुस्तकात झाली आहे ना, ते पाहून ठेवा. 1988च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीत असा बदल केला तर आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

येत्या संक्रांतीला मार्लेश्वराच्या लग्नाला साखरप्याची गिरिजादेवी निघेल, तेव्हा त्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागेल. त्याआधी आपापल्या गाडीचा डावा डबा एकदा उघडून घ्या, एवढे सगळ्यांनाच सांगणे.

पुढच्या आठवड्यात : दमट हवेत शिवणयंत्र जड का चालते? तुमच्या शंका नेहमीप्रमाणे कळवा. आवाजाबद्दल लिहिताना तो केव्हा येतो ते तेवढे जरूर लिहा.